मायटोकाँड्रियाचा रेडॉक्स तोल आणि पेशीचं मरण : ‘एनएसीने पेशी वाचल्या’ हा पुरावा किती पक्का?

पेशीपाल (धागाकर्ता)

नमस्कार. मायटोकाँड्रियाच्या (पेशीत ऊर्जा बनवणाऱ्या कणांच्या) रेडॉक्स तोलावरचे, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या देण्याघेण्यावरचे शोधनिबंध ओळीने वाचले की एकच साचा पुन्हा पुन्हा समोर येतो. पेशींना एखादं द्रव्य दिलं. मायटोसॉक्सची (सुपरऑक्साइड या ऑक्सिडंटसाठीचा रंग) चमक वाढली, टीएमआरएमची (मायटोकाँड्रियाच्या पटलाचा विद्युत विभव दाखवणारा रंग) उतरली, चोवीस तासांनी पेशी मेल्या. एन-ॲसिटिल सिस्टीन हे अँटिऑक्सिडंट (पुढे एनएसी म्हणतो) आधी दिलं तर वाचल्या. म्हणजे मायटोकाँड्रियात तयार झालेल्या ऑक्सिडंटांनीच पेशी मारल्या, इति सिद्धम्.

माझे प्रश्न दोन. या साखळीतली कोणती कडी कच्ची आहे? आणि तेच १०० मायक्रोमोलार हायड्रोजन पेरॉक्साइड एका वर्णनात ॲपॉप्टोसिस (पेशीचं आतून ठरवलेलं, शिस्तीतलं मरण) घडवतं, दुसऱ्यात सरळ नेक्रोसिस (पेशी फुटून मरणं), तिसऱ्यात काहीच नाही, हे कसं?

संहती, वेळ, नियंत्रणं यांसकट लिहिलंत तर सगळ्यांनाच उपयोग होईल.

---

क्षपणक

‘तोल’ म्हटलं की तराजू डोळ्यांपुढे येतो. एका पारड्यात दुष्ट ऑक्सिडंट, दुसऱ्यात सज्जन अँटिऑक्सिडंट. गोंधळ तिथूनच सुरू होतो. पेशीत असा एक तराजू नाही. वेगवेगळ्या खोल्या आहेत, आणि प्रत्येक खोलीत एनएडीएच–एनएडी, एनएडीपीएच–एनएडीपी, ग्लुटाथायोन, थायोरेडॉक्सिन या इलेक्ट्रॉन देणाऱ्या-घेणाऱ्या जोड्या एकमेकींशी समतोलात नसतानाही नांदतात. मॅट्रिक्समध्ये (मायटोकाँड्रियाच्या सर्वांत आतल्या पोकळीत) एनएडीएच तुंबलेलं असताना एनएडीपीएच आटलेलं असू शकतं.

आता गळतीकडे. श्वसनसाखळीत (आतल्या पटलातल्या प्रथिन-संकुलांच्या ओळीत) इलेक्ट्रॉन एनएडीएचकडून पहिल्या संकुलात, तिथून कोएन्झाइम क्यू, तिसरं संकुल, सायटोक्रोम सी, चौथं संकुल आणि शेवटी ऑक्सिजन असे जातात. चौथं संकुल ऑक्सिजनला चार इलेक्ट्रॉन देऊन पाणी बनवतं आणि अर्धवट काही बाहेर सोडत नाही. वाटेतच एखादा इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला चिकटला तर सुपरऑक्साइड. गळतीची मुख्य ठिकाणं म्हणजे पहिल्या संकुलातली फ्लेव्हिनची आणि क्यूची जागा, आणि तिसऱ्या संकुलातली बाहेरच्या बाजूची क्यूची जागा. पहिलं संकुल फक्त मॅट्रिक्समध्ये गळतं, तिसरं दोन्ही बाजूंना. सुपरऑक्साइड पटल सहजी ओलांडत नाही, पेरॉक्साइड ओलांडतं. त्यामुळे ‘किती’ इतकंच ‘कुठे’ला महत्त्व आहे.

‘एक-दोन टक्के ऑक्सिजन सुपरऑक्साइड बनतो’ हे वाक्य कृपया कुठेही चिकटवू नये. तो आकडा वेगळ्या काढलेल्या मायटोकाँड्रियांचा, भरपूर इंधन दिलेलं, एडीपी नाही, ऑक्सिजन हवेइतका. जिवंत पेशीतली गळती त्याहून बरीच कमी असते.

गळती कधी वाढते? इलेक्ट्रॉनांना पुढे जायला जागा नसते तेव्हा. एनएडीएच भरपूर, एडीपीची मागणी नाही, प्रोटॉनांचा दाब चढलेला. म्हणजे साखळी जास्त क्षपित झाली (इलेक्ट्रॉनांनी भरली) की गळते. उलट टोकाला, सगळं फार ऑक्सिडाइज झालं तर गळती कमी असते, पण एनएडीपीएच संपल्यामुळे सफाई थांबते. पेरॉक्साइड दोन्ही टोकांना वाढतं आणि मधल्या पट्ट्यात सर्वांत कमी असतं. ‘जितकं क्षपित तितकं सुरक्षित’ हा समज इथेच कोसळतो.

याचं सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे रक्तपुरवठा तुटून परत सुरू झालेलं हृदय. तुटलेल्या काळात सक्सिनेट साठतं. ऑक्सिजन परत आला की ते धडाधड जळतं, क्यूचा साठा क्षपित होतो, प्रोटॉनांचा दाब चढतो, आणि इलेक्ट्रॉन पहिल्या संकुलात उलटे शिरतात. २०१४ साली हे नीट दाखवलं गेलं. या उलट्या प्रवाहात रोटेनोन (पहिलं संकुल रोखणारं द्रव्य) दिलं तर सुपरऑक्साइड घटतं. सरळ प्रवाहात तेच रोटेनोन ते वाढवतं. त्यामुळे रोटेनोनचा परिणाम सांगताना इंधन कोणतं होतं हे न सांगणं म्हणजे अर्धंच सांगणं.

सफाईची बाजू : मँगनीजवालं एसओडी-२ हे विकर सुपरऑक्साइडचं पेरॉक्साइड करतं. ते पेरॉक्साइड मुख्यतः पेरॉक्सिरेडॉक्सिन-३ खातं (मॅट्रिक्समधल्या पेरॉक्साइडपैकी सुमारे ९० टक्के, असा गतिमानांवरून काढलेला अंदाज आहे). त्याला परत क्षपित करतं थायोरेडॉक्सिन-२, त्याला सेलेनियमवालं थायोरेडॉक्सिन रिडक्टेज-२, आणि त्याला लागतं एनएडीपीएच. एनएडीपीएचचा मोठा भाग एनएनटी हे विकर देतं, आणि एनएनटी चालतं प्रोटॉनांच्याच दाबावर. म्हणजे ज्या दाबामुळे गळती होते त्याच दाबावर सफाईही टांगलेली आहे. दाब पूर्ण कोसळला की गळती कमी होईल, पण एनएडीपीएचही जाईल. पेशीचं भवितव्य बऱ्याचदा या दुसऱ्या गोष्टीवर ठरतं, आणि मोजली जाते मात्र पहिली.

---

सामू_साडेसात

क्षपणक यांच्याशी सहमत. ग्लुटाथायोनच्या आकड्यांवर थोडं लिहितो, कारण तिथे सर्रास घसरगुंडी होते.

बहुतेक जण जीएसएच (क्षपित ग्लुटाथायोन) आणि जीएसएसजी (ऑक्सिडाइज झालेलं) यांचं गुणोत्तर देतात. पण एका जीएसएसजीमागे दोन जीएसएच असल्यामुळे रेडॉक्स विभवाच्या (इलेक्ट्रॉन घेण्याच्या ओढीच्या) सूत्रात वर्ग येतो :

विभव = −२४० + ३० × लॉग ( जीएसएसजी ÷ जीएसएच² )

उत्तर मिलीव्होल्टमध्ये, संहती मोल प्रतिलिटरमध्ये, सामू ७. जीएसएच ५ मिलीमोलार आणि जीएसएसजी ०.०५ मिलीमोलार धरा, म्हणजे १०० : १. विभव येतो −२३१. आता दोन्ही निम्मे करा. गुणोत्तर तेच १०० : १, पण विभव −२२२. गुणोत्तर जागचं हललेलं नाही आणि पेशी ९ मिलीव्होल्टनी ऑक्सिडाइज झालेली आहे. मरणाच्या वाटेवरची पेशी जीएसएच बाहेर टाकते, तेव्हा नेमकं हेच घडतं. नुसतं गुणोत्तर छापणाऱ्याला ते दिसत नाही.

दुसरं, सामू. साधारण एका अंकाला ५९ मिलीव्होल्ट. मॅट्रिक्सचा सामू ८ च्या जवळ असतो, सायटोसॉलचा (मायटोकाँड्रियाबाहेरच्या पेशीद्रवाचा) ७.२ च्या आसपास. सामू न सांगता दोन खोल्यांचे मिलीव्होल्ट शेजारी मांडले तर तुलनेला अर्थ नाही.

---

पेशीपाल

म्हणजे विभाजन होत असताना −२४०, विभेदन −२००, ॲपॉप्टोसिस −१७० ही जी प्रसिद्ध शिडी आहे, ती वापरायची की नाही?

---

सामू_साडेसात

ती शिडी २००१ सालची. श्रेय द्यायला हवं, कारण ‘फक्त गुणोत्तर नको, विभव काढा’ हे तिथून लोकांना कळलं. पण त्यामागचे आकडे पेशी फोडून, सगळ्या खोल्या एकत्र कालवून काढलेले. नंतर पेशीतच बसणारे संवेदक आले (ग्लुटारेडॉक्सिन जोडलेला आरओजीएफपी-२ हा २००८ चा) आणि सायटोसॉल −३०० च्याही खाली निघाला.

एवढा फरक कुठून? गणित करून पाहा. पेशी फोडताना ५ मिलीमोलार जीएसएचपैकी फक्त २ टक्के हवेने ऑक्सिडाइज झालं तर ०.०५ मिलीमोलार जीएसएसजी हातात येतं. खरं जीएसएसजी त्याच्या शंभराव्या भागाइतकं असेल तर चूक सरळ ६० मिलीव्होल्टची. −२९१ ची पेशी −२३१ दिसते. अख्खी शिडी ७० मिलीव्होल्टची आहे, हे विसरू नका.

म्हणून ग्लुटाथायोन मोजताना पेशी आम्लात फोडायच्या आधी एन-इथाइल मॅलिमाइडने (एनईएम) जीएसएच झाकून टाकायचं. मात्र हेच एनईएम पुढच्या टप्प्यातल्या ग्लुटाथायोन रिडक्टेजला बंद पाडतं. ते काढून न टाकता विकराची चाचणी लावली तर जीएसएसजी शून्याजवळ येतं आणि मंडळी खूश होतात. वस्तुमान वर्णपट वापरणार असाल तर ही अडचण नाही.

---

बाकडं_क्रमांक_तीन

दुसऱ्या प्रश्नावर येतो. ‘१०० मायक्रोमोलार पेरॉक्साइड’ ही मात्राच नव्हे. पेरॉक्साइड पेशी खाऊन टाकतात, त्यामुळे मात्रा दर पेशीमागे सांगायची असते.

२ मिलिलिटर माध्यमात १०० मायक्रोमोलार म्हणजे २०० नॅनोमोल. खाचेत १० लाख पेशी असतील तर पेशीमागे २०० फेम्टोमोल. त्याच खाचेत २ लाख पेशी असतील तर १००० फेम्टोमोल. बाटलीवरचं लेबल तेच, पेशीला पाचपट. विरळ पेरलेल्या पेशी नेक्रोसिसने जातात आणि दाट पेरलेल्या टिकतात, यात जीवशास्त्राचं गूढ काही नाही, भागाकार आहे.

मग माध्यम. डीएमईएम या पेशी वाढवायच्या माध्यमाच्या अनेक प्रकारांत १ मिलीमोलार पायरुव्हेट असतं आणि ते पेरॉक्साइडशी विकराशिवायच अभिक्रिया करतं. पेशींपर्यंत पोचायच्या आत निम्मं-अधिक माल काही मिनिटांत संपतो. आरपीएमआय १६४० या दुसऱ्या माध्यमाच्या मूळ कृतीत पायरुव्हेट नाही. ‘दोन पेशीप्रकारांची संवेदनशीलता वेगळी’ असे निष्कर्ष निव्वळ दोन माध्यमांमुळे निघू शकतात. एक तास पायरुव्हेट आणि सीरम नसलेल्या द्रावणात पेरॉक्साइड द्यायचं, मग पूर्ण माध्यम परत घालायचं.

साठ्याची बाटली उघडल्यापासून कमजोर होत जाते. ३० टक्क्यांचं द्रावण ताजं असताना सुमारे ९.८ मोलार असतं, पण ते धरून चालू नये. दर वेळी २४० नॅनोमीटरवर शोषण मोजा. मोलार शोषणांक ४३.६ धरला तर १० मिलीमोलार द्रावणाचं शोषण ०.४३६ यायला हवं. ०.३ आलं तर बाटली बदला, किंवा निदान खरी संहती लिहा.

आणि सेलेनियम! सीरम कमी केलं की सेलेनियम कमी होतं, आणि काही दिवसांत ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज व थायोरेडॉक्सिन रिडक्टेज दोन्ही उतरतात. त्या पेशी ‘ऑक्सिडंटला हळव्या’ नसतात, उपाशी असतात. ३० ते १०० नॅनोमोलार सोडियम सेलेनाइट घालून तुलना करावी.

अवांतर : इन्क्युबेटरमध्ये ऑक्सिजन १८ टक्क्यांच्या आसपास. बहुतेक ऊतींमध्ये तो एक आकडी. म्हणजे ‘नियंत्रण’ म्हणून ठेवलेल्या पेशीही आधीच जास्त ऑक्सिजनला सरावलेल्या असतात.

---

एकइलेक्ट्रॉन

आता चमकणाऱ्या रंगांकडे. धागाकर्त्याच्या साखळीतली पहिली कडी इथेच तुटते.

मायटोसॉक्स. सुपरऑक्साइडशी अभिक्रिया होऊन २-हायड्रॉक्सी उत्पादन बनतं. इतर ऑक्सिडंट आणि लोहयुक्त प्रथिनांमुळे साधं इथिडियमसारखं उत्पादनही बनतं. दोघंही लालच चमकतात आणि सूक्ष्मदर्शक त्यांत फरक करत नाही. ४०० नॅनोमीटरच्या आसपास उत्तेजन दिलं तर थोडा फरक पडतो, खात्री फक्त एचपीएलसीने. शिवाय हे द्रव्य धनभारित असल्यामुळे पटलाच्या विभवाने आत ओढलं जातं. विभव वाढला की सुपरऑक्साइड तेवढंच असूनही चमक वाढते. विभव पडला की द्रव्य बाहेर येऊन केंद्रकातल्या डीएनएला चिकटतं आणि अचानक लखलखतं. चित्रात केंद्रक लाल दिसत असेल तर त्या चित्रावरून मायटोकाँड्रियाबद्दल काही बोलू नये. नेहमीच्या ५ मायक्रोमोलारला ते स्वतःच श्वसनाला त्रास देऊ शकतं. १ मायक्रोमोलार किंवा त्याखाली काम भागत असेल तर भागवावं.

डीसीएफ. ऑक्सिडंट दाखवायला वापरतात तो हा रंग पेरॉक्साइडशी थेट अभिक्रिया करतच नाही. मध्ये लोह, पेरॉक्सिडेज किंवा सायटोक्रोम सी लागतं. गंमत बघा : ॲपॉप्टोसिसमध्ये सायटोक्रोम सी बाहेर पडतं आणि ते डीसीएफएचला (रंगाच्या क्षपित रूपाला) स्वतः ऑक्सिडाइज करतं. म्हणजे मरण सुरू झाल्यामुळे चमक वाढते, आणि लिहिलं जातं की चमक वाढल्यामुळे मरण आलं.

टीएमआरएम. २० नॅनोमोलार, ३० ते ४५ मिनिटं, आणि चित्र घेतानाही तेवढंच माध्यमात ठेवायचं. धुवून टाकलं की रंग झिरपत राहतो आणि विभव पडतोय असं वाटतं. शेवटी विभव पाडणारं एफसीसीपी (१ ते ५ मायक्रोमोलार) देऊन चमक कुठवर उतरते ते पाहायचं, त्याच्या आधी एटीपी बनणं रोखणारं ऑलिगोमायसिन देऊन चढते का ते पाहायचं. जास्त संहतीला रंग स्वतःलाच विझवतो आणि सगळं उलटं दिसतं : विभव पडला की चमक वाढते. संहती न लिहिलेली टीएमआरएमची आकृती निरुपयोगी.

आरओजीएफपी-२. सध्या विश्वासाचं हेच. ४०५ आणि ४८८ असं दोनदा उत्तेजन, ५१० च्या आसपास वाचन, आणि दोघांचं गुणोत्तर. संवेदक किती बनला यावर गुणोत्तर अवलंबून नाही. ऑर्प-१ जोडलेला पेरॉक्साइडसाठी, ग्लुटारेडॉक्सिन-१ जोडलेला ग्लुटाथायोनसाठी. प्रत्येक प्लेटवर दोन टोकं हवीतच : डायअमाइड २ मिलीमोलारने पूर्ण ऑक्सिडाइज, डीटीटी १० मिलीमोलारने पूर्ण क्षपित. मध्यविभव −२८० असल्यामुळे त्याच्या वर-खाली ३०-३५ मिलीव्होल्टच्या पलीकडे तो आंधळा आहे. १० टक्के ऑक्सिडाइज म्हणजे सुमारे −३०८, ५० टक्के म्हणजे −२८० (सामू ७ ला, सामू ८ ला आणखी ५९ खाली). मॅट्रिक्समध्ये आधीच तळाला असेल तर ‘काही बदल नाही’ याचा अर्थ ‘संवेदकाला दिसलं नाही’ एवढाच.

पेरॉक्साइडसाठीचा जुना हायपर संवेदक सामूला फार हळवा आहे. मॅट्रिक्सचा सामू हलला की तो पेरॉक्साइड दाखवतो. वापरायचाच तर सोबत सायफर (फक्त सामू दाखवणारं त्याचं रूप) हे नियंत्रण हवं. नवा हायपर-७ याबाबतीत पुष्कळ बरा.

---

तंतुकणिका

एनएसीची गंमत मी सांगते, कारण ही सगळ्यांत लाडकी कडी आहे.

एनएसी आणि पेरॉक्साइड यांचा गतिस्थिरांक सुमारे ०.१६ प्रति मोलार प्रति सेकंद. पेरॉक्सिरेडॉक्सिन-३ चा साधारण २ कोटी. समजा मॅट्रिक्समध्ये ते प्रथिन ५० मायक्रोमोलार आहे आणि एनएसी तब्बल ५ मिलीमोलार पोचलंय. पहिल्याचा वेग १००० प्रति सेकंद, दुसऱ्याचा ०.०००८. साडेबारा लाख पटींचा फरक. मॅट्रिक्समध्ये पेरॉक्साइड टिपण्याच्या कामात एनएसीला कोणी विचारत नाही.

मग पेशी का वाचतात? कारणं बरीच, आणि प्रत्येक वेगळं. एनएसीतून सिस्टीन मिळतं, जीएसएच वाढतं. सिस्टीनमधून गंधकाची पर्सल्फाइडं बनतात आणि तीच खरी काम करतात, असाही पुरावा आहे. दिलेलं द्रव्य इलेक्ट्रॉनप्रेमी असेल तर एनएसी त्याला माध्यमातच पकडून ठेवतं, पेशीत काही जातच नाही. आणि सगळ्यांत लाजिरवाणं कारण : एनएसी आम्ल आहे. सामू न जुळवता १० मिलीमोलार ओतलं की माध्यम पिवळं पडतं, पेशी थबकतात आणि औषधच घेत नाहीत. १ मोलारचा साठा करताना सोडियम हायड्रॉक्साइडने सामू ७.४ ला आणायचा, त्याच दिवशी वापरायचा.

नियंत्रणं अशी लावावीत. औषध आणि एनएसी पेशींविना एका नळीत तासभर ठेवून औषधाची संहती मोजा. कमी झाली तर विषय संपला. मग एनएसी धुवून काढून औषध द्या. बचाव टिकला तर आतलं काहीतरी आहे. त्यानंतर ब्युथिओनिन सल्फॉक्सिमाइनने (१०० मायक्रोमोलार, २४ तास) जीएसएच बनणं थांबवून पुन्हा पाहा. त्यातही मेख आहे : मायटोकाँड्रिया स्वतः जीएसएच बनवत नाहीत, सायटोसॉलमधून घेतात (एसएलसी२५ए३९ हा वाहक २०२१ मध्ये सापडला), आणि आतला साठा बाहेरच्यापेक्षा सावकाश आटतो. सायटोसॉल ९० टक्के रिकामा झाला म्हणजे मॅट्रिक्सही झालं असं नाही.

खरंच मायटोकाँड्रियातल्या गळतीवर बोट ठेवायचं असेल तर गळतीच्या जागी हात घाला. श्वसन न थांबवता पहिल्या संकुलाच्या क्यू जागेची गळती रोखणारी एस१क्यूईएल आणि तिसऱ्याची रोखणारी एस३क्यूईएल ही संयुगं आहेत. उलट बाजूने, मायटोपॅराक्वाट गळती वाढवतं. मॅट्रिक्समध्ये बसवलेलं डी-अमिनो ॲसिड ऑक्सिडेज डी-ॲलॅनिन दिल्यावर पेरॉक्साइड बनवतं, आणि एल-ॲलॅनिन हे आयतं नियंत्रण मिळतं.

---

क्षपणक

@पेशीपाल, ‘मरण कोणतं’ हे कसं ठरतं त्याबद्दल.

सायटोक्रोम सी आतल्या पटलाला कार्डिओलिपिन या मेदाने चिकटलेलं असतं. कार्डिओलिपिनशी नातं घट्ट झालं की तेच सायटोक्रोम सी पेरॉक्सिडेजसारखं वागू लागतं आणि पेरॉक्साइड वापरून कार्डिओलिपिनला ऑक्सिडाइज करतं. ऑक्सिडाइज मेदाची पकड सुटते. बाहेरच्या पटलाला बॅक्स-बॅक या प्रथिनांनी भोकं पाडली की सुटं झालेलं सायटोक्रोम सी बाहेर येतं, एपॅफ-१ या प्रथिनाशी जुळतं, कॅस्पेस-९ आणि मग कॅस्पेस-३ (पेशी मोडणारी विकरं) जागे होतात. नुसतं ऑक्सिडीकरण पुरेसं नाही, भोकंही लागतात. दोन किल्ल्यांचं कुलूप आहे.

दुसरी वाट संकेतांची. क्षपित थायोरेडॉक्सिन एएसके-१ या ताणाचा संकेत देणाऱ्या विकराला धरून ठेवतं. ते ऑक्सिडाइज झालं की एएसके-१ सुटतं आणि जेएनके व पी३८ चालू होतात. ताण थोडा आणि थोडाच वेळ असेल तर दुसरीकडे कीप-१ ची सिस्टीनं बदलून एनआरएफ-२ (बचावाची जनुकं चालू करणारं प्रथिन) मोकळं होतं, आणि पेशी उलट कणखर होते. म्हणून तीच मात्रा दहा मिनिटं आणि दहा तास या दोन वेगळ्या गोष्टी.

आता मुख्य मेख. कॅस्पेसच्या क्रियास्थानी सिस्टीन असतं. पेरॉक्साइड खूप झालं तर ते सिस्टीनच ऑक्सिडाइज होतं आणि कॅस्पेस बंद पडतात. शिवाय एपॅफचं चाक जुळायला एटीपी लागतं. श्वसन कोसळून एटीपी संपलं की ॲपॉप्टोसिस सुरू होऊनही पुरा होत नाही, पेशी फुटते. जर्कट पेशींत पेरॉक्साइड काही दशक मायक्रोमोलार असताना कॅस्पेस चालतात आणि काही शे मायक्रोमोलारला नेक्रोसिस होतो, ते यामुळे. मात्रा वाढवत नेली की कॅस्पेसचा आलेख आधी चढतो, मग उतरतो. उतरलेल्या बाजूचा एकच बिंदू मोजला तर ‘मरण कॅस्पेसविना’ असा निष्कर्ष निघेल.

तिसरी वाट म्हणजे आतल्या पटलाचं मोठं छिद्र. कॅल्शियम साठलं, थायॉलं ऑक्सिडाइज झाली, सायक्लोफिलिन-डी बसलं, की दीड किलोडाल्टनपर्यंतचं सगळं आत-बाहेर होतं, मॅट्रिक्स फुगतं. सायक्लोस्पोरिन-ए (१ मायक्रोमोलार) ते लांबवतं. मात्र ते कॅल्सिन्यूरिनलाही रोखतं, म्हणून एफके५०६ चं नियंत्रण हवंच. प्राण्यांत सुंदर चाललेली ही कल्पना हृदयविकाराच्या रुग्णांवरच्या मोठ्या चाचणीत (२०१५) उपयोगी ठरली नाही, हेही लक्षात असू द्यावं.

ओळख पटवायला एकाच वेळी समांतर खाचा लावा : झेडव्हॅड (कॅस्पेस रोखतं) २० मायक्रोमोलार, नेक्रोस्टॅटिन-१ (ठरवून होणारा नेक्रोसिस रोखतं) १० मायक्रोमोलार, फेरोस्टॅटिन-१ (फेरोप्टोसिस, म्हणजे मेद ऑक्सिडाइज होऊन येणारं मरण रोखतं) १ मायक्रोमोलार, सायक्लोस्पोरिन (छिद्र लांबवतं) १ मायक्रोमोलार. कोण वाचवतं ते पाहा. ॲनेक्सिन (ॲपॉप्टोसिसची खूण) आणि पीआय (पटल फुटल्याची खूण) २, ४, ८, २४ तासांना. फक्त २४ ला पाहिलं तर ॲपॉप्टोसिसने गेलेल्याही पीआय घेऊन बसलेल्या असतात आणि सगळा नेक्रोसिसच भासतो.

---

एकइलेक्ट्रॉन

फेरोप्टोसिस इतक्या घाईत उरकू नका हो. नाव २०१२ चं, पण रेडॉक्समुळे येणारं सर्वांत अस्सल मरण तेच. पटलातल्या मेदांची पेरॉक्साइडं लोहामुळे साखळीने वाढत जातात, जीपीएक्स-४ हे विकर ती जीएसएच वापरून विझवतं. इरास्टिन सिस्टीनचा पुरवठा तोडतं, आरएसएल-३ थेट जीपीएक्स-४ ला बसतं. कॅस्पेस नाहीत, बॅक्स-बॅक नाहीत.

---

क्षपणक

मान्य. पण त्यात मायटोकाँड्रियाचा वाटा किती यावर एकमत नाही, म्हणून आवरतं घेतलं. आतल्या पटलाच्या बाहेरच्या बाजूला बसलेलं डीएचओडीएच हे विकर क्यू क्षपित करून आतल्या पटलाला वाचवतं, असं २०२१ मध्ये मांडलं गेलं. त्यावर आक्षेप असा की वापरलेल्या रोधकाची संहती इतकी जास्त होती की एफएसपी-१ हे मेद वाचवणारं दुसरं विकर देखील बंद पडत असावं. सिस्टीन तोडून आणलेल्या फेरोप्टोसिसमध्ये मायटोकाँड्रियाचा हात दिसतो, जीपीएक्स-४ थेट रोखलं तर फारसा दिसत नाही. तेव्हा ‘फेरोप्टोसिस’ एवढंच न म्हणता कशाने आणला ते लिहावं.

---

वाचकमात्र

सगळं डोक्यावरून गेलं नाही, पण निम्मं गेलं :) सरळ प्रश्न : मग अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घ्याव्यात का?

---

तंतुकणिका

वरचं वाचल्यावर उत्तर अंदाजाने येईल. गोळीतलं द्रव्य मॅट्रिक्समध्ये पुरेसं पोचत नाही, पोचलं तरी विकरांच्या वेगापुढे टिकत नाही, आणि पेरॉक्साइडचे संकेत पुसले जाण्याची भीती वेगळीच. फिनलंडमधल्या २९,१३३ पुरुष धूम्रपान करणाऱ्यांच्या चाचणीत (निकाल १९९४) बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. उंदरांत एनएसी आणि ई जीवनसत्त्वाने फुप्फुसातल्या गाठी वाढल्याचंही दाखवलं गेलंय. कर्करोगाच्या पेशीलाही ऑक्सिडंटांपासून वाचायचंच असतं. पॅरासिटॅमॉलच्या विषबाधेत एनएसी जीव वाचवतं, ते यकृताचं जीएसएच भरून काढल्यामुळे. त्यावरून रोजच्या गोळीचं समर्थन होत नाही. कुठल्या आजारासाठी डॉक्टरांनी दिलं असेल तर ते त्यांच्याशीच बोलावं.

---

पेशीपाल

सगळ्यांचे आभार. एकच गोष्ट विचारतो : जनुकीय संवेदक बसवता येत नाही, एचपीएलसी नाही, फक्त जेल आणि प्रतिपिंडं आहेत. अशा ठिकाणी मॅट्रिक्सच्या रेडॉक्सबद्दल काही विश्वासार्ह म्हणता येईल का?

---

बाकडं_क्रमांक_तीन

येईल, आणि स्वस्तात. पेरॉक्सिरेडॉक्सिन-३ चं दुहेरीकरण पाहा. ते फक्त मायटोकाँड्रियात असतं आणि ऑक्सिडाइज झालं की दोन रेणू डायसल्फाइडने जोडले जातात. जेलवर एकेरी २२ ते २५ किलोडाल्टनला, दुहेरी त्याच्या दुप्पट जागी.

माध्यम काढा आणि लगेच १०० मिलीमोलार एनईएम असलेलं द्रावण घाला (सामू ७ ते ७.४; त्याहून वर एनईएम पाण्याने मोडतं आणि अमाइनांनाही चिकटतं). सोबत कॅटॅलेज १० मायक्रोग्रॅम प्रतिमिलिलिटर, म्हणजे पेशी फुटताना नवं पेरॉक्साइड काही बिघडवणार नाही. १० मिनिटं थांबा, मग डिटर्जंट घालून पेशी फोडा. एनईएमचा साठा इथेनॉलमध्ये, त्याच दिवशी केलेला. जेलसाठीच्या बफरात डीटीटी किंवा मर्कॅप्टोइथेनॉल नको, आणि क्षपित नमुना शेजारच्या खाचेत भरू नका. तो झिरपून शेजाऱ्याची दुहेरी पट्टी तोडतो. मध्ये दोन खाचा रिकाम्या सोडा.

काय चुकतं : पेशी आधी ट्रिप्सिनने सोडवल्या, फिरवल्या, धुतल्या आणि मग एनईएम घातलं तर नियंत्रणातही बरंच दुहेरी दिसतं. एनईएम ताटलीतच, चिकटलेल्या पेशींवर.

दुहेरी पट्टी वाढली तर दोन अर्थ निघतात : पेरॉक्साइड वाढलं, किंवा थायोरेडॉक्सिनची बाजू थकली. वेगळं करायला ऑरॅनोफिन (थायोरेडॉक्सिन रिडक्टेज रोखतं) दिलेली खाच शेजारी ठेवा, ती कमाल मर्यादा दाखवेल. आणि मात्रा फार झाली तर दुहेरी पट्टी कमी होते, कारण सिस्टीन पुढे सल्फिनिक रूपात जातं आणि जोडी जमतच नाही. त्यासाठी अतिऑक्सिडाइज रूपाचं प्रतिपिंड वेगळं मिळतं. दोन्ही लावलेत तर फसगत होणार नाही.

---

क्षपणक

उंदरांचा नमुना असेल तर एक पुरवणी. सी५७ब्लॅक/६जे या वाणात एनएनटीचं जनुक मोडलेलं आहे, ६एन मध्ये शाबूत. जनुक काढलेला उंदीर एन वर आणि नियंत्रण जे वर असला प्रकार झाला असेल, तर वरचं सगळं जेल एनएनटीचाच फरक दाखवेल. आधी शेपटीच्या तुकड्यावर पीसीआर करून घ्या.